‘साईटवर गेलेल्या माणसाचं लिखाण वाटत नाही’: सिव्हिलभाऊंना उत्तर

‘सिव्हिलभाऊ’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आर्किटेक्टची ऑटोकॅड फाइल (ड्रॉइंग) इम्पोर्ट न करता, म्हणजे मॉडेलमध्ये ओतून न घेता, लिंक करा, म्हणजे नुसती जोडा, आणि रोज सकाळी सेंट्रलवरून (सगळ्यांच्या सामाईक फाइलवरून) नवी लोकल फाइल, म्हणजे स्वतःची प्रत, काढा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. भाऊंच्या मते इम्पोर्ट काय नि लिंक काय, पडद्यावर रेघा त्याच. नवी लोकल काढण्यात त्यांच्या ऑफिसात अर्धी सकाळ जाते. एक शॉर्टकट मी चुकीचा दिलाय. असले लाड मेट्रोवाल्यांना परवडतात. आणि शेवटी: ‘साहेब, कॉलेजच्या पोरांना ठीक आहे, पण साईटवर गेलेल्या माणसाचं हे लिखाण वाटत नाही.’

शॉर्टकटचं अगदी मान्य. अलाइनला (वस्तू एका रेषेत आणायला) ए-एल लागतं, मी ए-आर लिहिलं होतं, तो अ‍ॅरेचा (ओळीनं प्रती काढायचा). लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. बाकीचं मी हसून सोडून दिलं असतं, हे नाही सोडता येत.

भाऊ, मी कामाला लागलो तेव्हा नागपुरात धरमपेठेतल्या एका ऑफिसात टी-स्क्वेअर धरून उभा राहायचो. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई ब्लेडनं खरवडायची, कागद फाटला की पूर्ण शीट नव्यानं. अमोनिया प्रिंटचा वास डोळ्यांत जायचा, आणि त्या प्रिंटची गुंडाळी काखेत मारून मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, लुनावर हिंगण्याला जायचो. सळया मोजायला. स्लॅब भरायच्या आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात सळयांखालचे कव्हर ब्लॉक तपासलेत मी. तुम्ही तेव्हा कितवीत होता, हे विचारत नाही. पण ‘वाटत नाही’ म्हणताना माणसानं निदान दोन जुने लेख तरी चाळावेत ना बाप्पा!

आणि गंमत बघा, इम्पोर्ट करू नका हे मी साईटवरच शिकलो. वर्धा रोडवरचं काम होतं, तळमजला अधिक सात. प्लंबिंगचं मॉडेल आमच्याकडे. आमच्याच एका पोरानं आर्किटेक्टची फाइल इम्पोर्ट केली, आणि खरं सांगायचं तर मीही पाहून काही बोललो नाही, कारण रेघा त्याच दिसत होत्या. तुमचंच वाक्य. तिसऱ्या आठवड्यात आर्किटेक्टनं शौचालयांचा शाफ्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी, 450 मिलीमीटर सरकवला. नवी फाइल मेलवर आली, त्याच नावानं फोल्डरमध्ये पडली. लिंक असती तर मॉडेल पुन्हा उघडताना किंवा रीलोड करताना शाफ्ट डोळ्यांसमोर सरकला असता आणि आमचे पाइप हवेत लटकलेले दिसले असते. इम्पोर्ट मात्र मॉडेलच्या पोटात जातं, मूळ फाइलशी त्याची नाळ तुटते. आम्ही जुन्या शाफ्टवर स्लीव्हचं (स्लॅबमध्ये पाइपांसाठी सोडायच्या भोकांचं) ड्रॉइंग दिलं. स्लॅबखालचं सेंट्रिंग काढल्यावर कळलं. मग कोअर कटिंग, म्हणजे भरलेल्या काँक्रीटला भोकं पाडणं, सळई कापली जाऊ नये म्हणून स्ट्रक्चरलवाल्यांच्या विनवण्या, आणि शिडीवर चढून भोकांच्या खुणा करणारा माणूस कोण? साईटवर न गेलेला मी.

लिंक करण्याचं दुसरं कारण लेखात एका ओळीत उरकलं होतं, आता सविस्तर घ्या. टोटल स्टेशनवाल्याचा (यंत्रानं जमीन मोजणाऱ्याचा) सर्व्हे बरेचदा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत, येतो. झीरो माइल आपल्या गावात असला तरी यूटीएमचा शून्य इथं नाही. नागपूर त्यातल्या झोन 44 मध्ये (पट्ट्यात) पडतं आणि उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला असतो, म्हणजे 23 लाख मीटरच्या वर. तो सर्व्हे ‘ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन’नं (सर्व्हेचा शून्य रेव्हिटच्या आतल्या शून्यावर ठेवून) आणलात की रेव्हिट इशारा देतं, कारण आपल्या आतल्या शून्यापासून इतक्या लांबची भूमिती त्याला नीट सांभाळता येत नाही. रेघा थरथरतात, स्नॅप (कर्सरची रेघेवरची पकड) भलतीकडे बसतो. त्यापेक्षा फाइल लिंक करा, पोझिशनिंगला ‘सेंटर टू इंटर्नल ओरिजिन’ घ्या, इमारतीच्या ग्रिडशी जुळवा, मग ‘अक्वायर कोऑर्डिनेट्स’नं खरे आकडे उचला. मॉडेल शून्याजवळ राहतं आणि आकडे सर्व्हेचे मिळतात. इम्पोर्ट केलेल्या फाइलकडून ते उचलताच येत नाहीत. त्या तुमच्या ‘त्याच’ रेघांचा फरक इथं आहे.

मेट्रोचं म्हणाल तर महामेट्रोनं नागपूरच्या कामात फाइव्ह-डी बिम (माहिती भरलेलं बांधकामाचं मॉडेल) वापरलं, वेळ आणि खर्च दोन्ही मॉडेलला जोडले, हे खरं. पण लिंक कॅड आणि इम्पोर्ट कॅड ही दोन बटणं एकाच इन्सर्ट टॅबवर आहेत. दोन इंच डावीकडे माउस न्यायला मेट्रोचं बजेट लागत नाही.

राहिली लोकल फाइल. सेंट्रल उघडताना ‘क्रिएट न्यू लोकल’ची खूण आधीच केलेली असते, जुनी लोकल सापडली तर त्यावरच लिहायचं का तेवढं विचारतं. हो म्हणा. संध्याकाळी सिंक करताना (काम सेंट्रलला पाठवताना) ताब्यात घेतलेले एलिमेंट्स, म्हणजे मॉडेलचे भाग, सोडा, नाही तर तुम्ही घरी आणि शेजारचा तुमच्या परवानगीची वाट पाहत बसतो. तुमच्या सर्व्हरला अर्धी सकाळ लागत असेल तर सर्व्हरवाल्याशी बोला, माझ्याशी नको. तोवर कोपऱ्यावरचे तर्री पोहे खाऊन या.

टोपणनावानं लिहिण्याला माझी हरकत नाही. पण पुढची प्रतिक्रिया टाकण्याआधी एक करा. चालू कामाचं मॉडेल उघडा, मॅनेज लिंक्समध्ये जाऊन कॅड फॉरमॅट्स पाहा. आर्किटेक्टची फाइल त्या यादीत नसेल, तर मला लिहायच्या आधी आर्किटेक्टला फोन लावा आणि त्यांचा सध्याचा रिव्हिजन नंबर कितवा ते विचारा.