‘जुन्या लोकांचा हट्ट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेडिओ मोडेमच्या (दोन ठिकाणच्या यंत्रांत बिनतारी माहिती नेणाऱ्या डबीच्या) सेटिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ते इतरांसाठी थोडक्यात मांडतो. हवेतला वेग २.४ केबीपीएस (सेकंदाला २.४ हजार बिट) ठेवा हा माझा सल्ला चूक, त्याने मोडबसचं (यंत्रांच्या आपसातल्या सवाल-जबाबाच्या भाषेचं) लांब उत्तर तुटतं आणि सीआरसी एरर, म्हणजे माहिती शाबूत न आल्याचा इशारा, येतो, वेग १९.२ करावा, २.४ वर अडून बसणं हा ‘जुन्या लोकांचा हट्ट’. शिवाय चॅनेल चुकलाय, आणि ४जी राउटर असताना हा खटाटोप कशाला.

चॅनेलचं मान्य. ई३२ या मॉडेलचा ८६८ वाला मोडेम कारखान्यातून ०६ या चॅनेलवर येतो, म्हणजे ८६८ मेगाहर्ट्झ. आपल्याकडच्या विनापरवाना पट्ट्याच्या आत राहायचं तर ०४, म्हणजे ८६६ हवा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘हट्ट’ हा शब्द मला लागला. चूक दाखवा, शंभरदा दाखवा. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याचं वय काढायचं काय कारण?

सतरा वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या साइटवर काढली आहेत. कृष्णाकाठचं एक पंपघर, तिथून तीन किलोमीटरवर टाकी, मध्ये सगळा ऊस. जूनमध्ये मीही १९.२ वरच लिंक लावली होती. झकास चालली. ऑक्टोबरात ऊस डोक्यावर गेला आणि टाकीची लेव्हल दिसेनाशी झाली. रात्री दीडला ऑपरेटरचा फोन : टाकी भरून वाहतेय, पंप बंद होत नाही. चिखलातून जाऊन, मोबाइलच्या उजेडात मोडेमच्या एम० आणि एम१ दोन्ही पिना वर करून (व्होल्टेज देऊन) कॉन्फिगरेशन मोडमध्ये, म्हणजे सेटिंग बदलायच्या अवस्थेत, गेलो आणि दोन्ही टोकांना २.४ भरला. लिंक उभी राहिली ती आजतागायत. वेग आठपट केला की ढोबळ हिशेबाने क्षीण सिग्नल पकडायची नऊ डेसिबल ताकद हातातून जाते; मोकळ्या रानातसुद्धा अंतर एक-तृतीयांशावर येतं. हे मी पुस्तकातून नाही, त्या रात्री शिकलो.

उत्तर तुटतं ते का, हेही बघा. हा मोडेम एका पाकिटात ५८ बाइट पाठवतो. मोडबसच्या उत्तरात पाच बाइट वरखर्चाचे आणि दर रजिस्टरला (लेव्हलसारखा एकेक आकडा ठेवायच्या खणाला) दोन. तुम्ही ४० रजिस्टर एकदम मागता, ८५ बाइट होतात, दोन पाकिटं पडतात. २.४ वर दुसरं पाकीट यायला उशीर होतो, आणि तारेवरच्या ९६०० बॉड वेगाला चार मिलिसेकंद शांतता झाली की मास्टर (प्रश्न विचारणारं यंत्र) फ्रेम, म्हणजे अख्खं उत्तर, संपली असं धरतो. २६ रजिस्टर मागा : ५७ बाइट, एकच पाकीट, तुटायचा प्रश्नच नाही. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) तेवढा एक सेकंद ठेवा. माझ्या लेखातलं उदाहरण २० रजिस्टरचं होतं. ते नीट वाचलं असतंत तर ४० चा दोष माझ्या माथी मारला नसतात.

४जीबद्दल काय बोलू? त्या पंपघरात फोनला रेंज यायला भिंतीबाहेर यावं लागतं.

तुमचा अँटेना किती फुटांवर आहे आणि मध्ये काय पीक आहे, तेवढं कळवा. मी बसून हिशेब करून देईन. ‘हट्ट’ मात्र आधी मागे घ्या.