बॉनेट उघडलं की वॉरंटी जाते म्हणे!

गेल्या महिनाभरात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवरून आला. दोन सोसायटीचे, एक शाळेच्या बॅचचा, एक सासरचा. मजकूर थोडक्यात असा: आजकालची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर, त्यातलं सामान्य माणसाला काही कळत नाही. व्हिडिओ बघून बॉनेट उघडाल तर वॉरंटी रद्द होईल. शिकून पैसे वाचत नाहीत, उलट हत्यारांत जातात. जिवावर बेतू शकतं. आणि ‘विशेषतः लेडीजनी’ या भानगडीत न पडता सरळ शोरूमला फोन करावा. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

मी पुण्यात नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक चालवते. चार वर्षांपूर्वीपर्यंत बॉनेटशी माझा संबंध काच धुवायचं पाणी भरण्यापुरता होता, आणि तेही एकदा मी कूलंटच्या बाटलीत ओतलं होतं. तेव्हा हा फॉरवर्ड ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्यांतली मीच. आता एकेक मुद्दा घेते.

‘गाडी म्हणजे कॉम्प्युटर.’ इंजिनापुरतं खरं आहे. पण टायरमधली हवा, वायपरचं रबर, बॅटरीच्या टर्मिनलवर साठणारी पांढरी-हिरवी पावडर, एअर फिल्टरमध्ये अडकलेली वाळकी पानं, यांतलं जवळपास काहीच बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर बघत नाही. रोजच्या वापरातल्या बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. आणि जिथे कॉम्प्युटर आहे तिथे काम उलट सोपं झालंय, कारण तो बोलतो. स्टीअरिंगखाली गुडघ्यापाशी हात घालून पाहा, सोळा पिनांचं एक सॉकेट लागेल. त्याला ओबीडी म्हणतात, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून सांगायची सोय. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१३ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्यात बसणारं काडेपेटीएवढं ब्लूटूथ यंत्र ऑनलाइन हजाराच्या आत मिळतं आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड दाखवतं.

माझ्या गाडीचा पिवळा इंजिनाचा दिवा लागला आणि सिग्नलला गाडी थरथरायला लागली, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरनं चारही प्लग (ठिणगी पाडणारे) आणि चारही कॉइल (त्या ठिणगीला वीज पुरवणाऱ्या) बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. कोड होता पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. इथे एक गोष्ट कळायला हवी: कोड लक्षण सांगतो, खराब पार्टचं नाव सांगत नाही. दोष प्लगचा असेल, कॉइलचा असेल, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचाही असेल. मला ज्या गॅरेजवाल्या काकांनी शिकवलं, त्यांनी पहिली कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरवर लावली आणि दुसरी पहिल्यावर. ‘आता चालवून या.’ सोसायटीला दोन चकरा मारल्या आणि कोड बदलून पी०३०२ झाला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा. बिघाड कॉइलबरोबर जागा सोडून गेला, म्हणजे चोर तीच. नाना पेठेतून एक कॉइल आणली, एक बोल्ट, एक क्लिप, दहा मिनिटं. उरलेल्या तीन कॉइल आजही चालू आहेत.

आता वॉरंटी. फॉरवर्डमधली सगळ्यात जास्त घाबरवणारी ओळ ही आहे आणि सगळ्यात कच्चीही हीच.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर आलेलं मालकाचं पुस्तक काढा. बहुतेकांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न पडता म्हातारं होतं. त्यात मालकानं स्वतः काय-काय तपासायचं याची यादीच असते: इंजिन ऑइलची पातळी, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, दिवे. फ्यूज कसा बदलायचा, स्टेपनी कशी लावायची याची चित्रं असतात. जॅक आणि पाना कंपनीनंच डिकीत ठेवलेला असतो. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) मुठीला ठळक पिवळा किंवा केशरी रंग असतो तो मालकाला सापडावी म्हणूनच. हे सगळं करून वॉरंटी जात असती, तर कंपनीनं स्वतःच्याच पुस्तकात ते करायला सांगितलं नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हे प्रकरण होतं. त्याच आदेशात आयोगानं बजावलं की ग्राहकानं बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वेगवेगळ्या कोर्टांत फिरत राहिलं, पण मुद्दा समजायला सोपा आहे: मी एअर फिल्टर बदलला म्हणून पॉवर विंडोची मोटर वॉरंटीत नाही, असा हिशेब होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारगाड्यांचा समावेश आहे.

मग वॉरंटीचा वाद खरंच कशावरून होतो? कंपनीच्या वायरिंगला काप देऊन मोठा हॉर्न किंवा जादा दिवे बसवले, बाहेरून सीएनजी किट लावलं, ठरलेली सर्व्हिसिंग चुकवली, चुकीच्या ग्रेडचं ऑइल ओतलं, अशा गोष्टींवरून. गंमत म्हणजे हा फॉरवर्ड ज्यांनी मला पाठवला त्यांच्यातल्या एकाच्या गाडीला रेल्वेच्या इंजिनासारखा हॉर्न आहे. वायर कापूनच बसवलेला.

नवी गाडी असेल तर सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा, बिलं जपून ठेवा. मीही तेच केलं. हवा आणि ऑइल बघायला त्यामुळे कोण अडवतं?

‘शिकून पैसे वाचत नाहीत.’ इथे मी अर्धी हार मानते. घरी ऑइल बदलायचा नाद मी एकदा केला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपायचं, ड्रेन बोल्टचे आटे जाऊ द्यायचे नाहीत, तीन लिटर काळं तेल कुठे टाकायचं याची चिंता करायची (गटारात नाही, कृपा करून), आणि वाचणार काय, तर तीन-चारशे रुपये मजुरी. पुन्हा नाही केलं. पण पैसे तिथे वाचतच नाहीत, ते वाचतात बिलाच्या ओळींत.

गेल्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट सांगते. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर ठीक. त्याखाली इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, व्हील अलायनमेंट. सर्व्हिस ॲडव्हायझर मुलगा नम्र होता, त्याला वरून टार्गेट असतं हे दिसत होतं. मी विचारलं, यांतलं कंपनीच्या वेळापत्रकात काय-काय आहे? त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि खालच्या पाचपैकी चार ओळी स्वतःच काढल्या. अलायनमेंट ठेवलं, कारण गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड जास्त झिजलेली मी पाहिली होती. एअर फिल्टर मी आधीच बघितला होता. डब्याच्या चार क्लिपा उघडायच्या, घडीचा कागद उजेडाकडे धरायचा, पलीकडचा उजेड दिसला की झालं. तो अजून चांगला होता, म्हणून तीही ओळ गेली. मग ऑइल. माझ्या गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर लिहिलंय, एस्टिमेटमध्ये ३.५ होतं. ‘उरलेलं डब्यात घालून द्याल का?’ एवढंच विचारलं. बिल ३.१ चं आलं.

भांडण नाही, आवाज चढवणं नाही. समोरच्याला फक्त एवढं कळतं की या बाईनं पुस्तक वाचलंय. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं ही माझ्या वडिलांच्या काळची सवय. आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, माझं ऐकू नका.

हत्यारांच्या खर्चाचं लांबवत नाही. हवा मोजायचा गेज, डोक्याला लावायचा टॉर्च, रबरी हातमोजे आणि व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर. इंजिन बंद ठेवून काही तासांनी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल आणि इंजिन चालू असताना साधारण १४, तर बॅटरी आणि ती चार्ज करणारा डायनॅमो दोन्ही बहुधा ठीक. सकाळी गाडी नुसती टकटक करून गप्प झाली तर ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी घेण्याआधी टर्मिनल सैल आहे का बघा. खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं ती पावडर धुऊन काढा. सोडताना काळी वायर आधी, लावताना शेवटी.

‘जिवावर बेतू शकतं.’ यात फॉरवर्ड सगळ्यात जास्त बरोबर आहे, फक्त कशानं बेततं ते तो सांगत नाही. ते सांगायला हवं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, निसटलेला नट काढायलासुद्धा नाही. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरलं की उसळून तोंडावर येतं. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड केशरी केबल दिसली तर झाकण बंद करून मागे व्हायचं. ब्रेक मी फक्त बघते. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड किती उरलेत एवढं बघते, आणि काम काकांचं.

पण न शिकल्यानं जिवावर बेतत नाही का? दर उन्हाळ्यात दुसरा एक फॉरवर्ड येतो: ऊन वाढलंय, टायर फुटेल, हवा कमी ठेवा. हे उलटं आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून-सुटून तापतो, आणि एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगानं तासभर गेल्यावर तोच आधी फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा गार टायरसाठी आहे. सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजायचा. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना हे बघायला कुठलं हत्यार लागतं?

पावसाळ्याचंही तेच. साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिनच उघडावं लागतं. ढकलून बाजूला घ्यायची. याउलट एसी लावून उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ते एसीचंच पाणी. मी एकदा त्यासाठी टोइंग बोलावणार होते.

राहिलं ‘विशेषतः लेडीजनी’.

गाडीच्या चाकाचे नट साधारण शंभर न्यूटन मीटरला आवळायचे असतात. टायरच्या दुकानात हवेच्या गननं ते बऱ्याचदा त्याहून घट्ट बसतात, आणि मग रस्त्यात धडधाकट पुरुषही हातानं पाना ओढत घामाघूम होतात. त्यातल्या काहींनी आधी जॅक लावलेला असतो, म्हणजे पाना फिरवला की चाकच फिरतं. सासवडच्या रस्त्यावर माझं चाक पंक्चर झालं तेव्हा एक दुचाकीवाले काका थांबले आणि म्हणाले, ‘ताई, नाही जमायचं, कुणाला तरी बोलवा.’ मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला, पलीकडच्या चाकाला दगड लावला. चाक जमिनीवरच असताना पाना नटात पक्का बसवून दांडा डावीकडे आडवा ठेवला आणि गाडीच्या छताला धरून त्याच्यावर हळूच उभी राहिले. ‘कट्’ असा आवाज झाला. मग दुसरा, तिसरा, चौथा. माझं वजन बासष्ट किलो आहे. पुरतं.