पुस्तक मिटून व्हिडिओ लावल्यानं आकार कळत नाहीत

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. तीन वर्षांच्या मुलाला दहा आकारांची नावं यायलाच हवीत; चित्रपुस्तकात वेळ जातो, त्यापेक्षा रोज आकारांचा व्हिडिओ लावा; पुस्तक घेतलंच तर चित्रं नकोत, नुसत्या आकृत्या असाव्यात; चौरस आणि आयत ‘पूर्ण वेगळे’ म्हणून शिकवा. बालवाडीतल्या मुलांसोबत काम करते म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी नावांचं. नाव घेता येणं म्हणजे आकार ओळखता येणं नव्हे. तक्त्यावरचा त्रिकोण बघून ‘त्रिकोण’ म्हणणारं मूल तोच तक्ता उलटा धरला की अडतं. चौरस कोपऱ्यावर उभा केला की आमची पोरं त्याला शंकरपाळी म्हणतात. अमेरिकेत गणितशिक्षणाचे संशोधक डग्लस क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी 1999 साली साडेतीन ते जेमतेम सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तुळ जवळपास सगळ्यांनी अचूक ओळखलं. त्रिकोणांबाबत उत्तरं सुमारे 60 टक्केच बरोबर आली, आयतांबाबत त्याहून कमी. यात आपल्या पुस्तकांचाही दोष आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. बहुतेक पुस्तकांत त्रिकोण एकच असतो, तिन्ही बाजू सारख्या, पाया खाली. मुलाला तेवढाच त्रिकोण वाटतो. उपाय पुस्तक मिटण्याचा नाही. निमुळता, आडवा, टोक खाली असलेला त्रिकोण दाखवायचा, बाजूला चौकोन ठेवायचा आणि विचारायचं, ‘हा त्रिकोण का? तो का नाही?’ मूल बोटानं कोपरे मोजू लागलं की खरं शिकणं सुरू होतं.

व्हिडिओत नेमका हाच प्रश्न हरवतो. मूल विचार करतंय तोवर पुढचा आकार नाचत येतो. पुस्तकाचं पान थांबतं, मागे उलटता येतं, त्यावर बोट फिरवता येतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं. वर्षाच्या आतल्या बाळांना तर अजिबात नको.

चित्रं नकोत? चमकी आणि उघडझाप करणारे कप्पे फार झाले तर लक्ष तिकडं जातं, हे खरं. पण नुसती आकृती मुलाला जगाशी जोडून देत नाही. चित्रातलं ताट लंबगोल दिसतं आणि पोरगं विचारतं, ‘आपलं ताट तर गोल आहे ना?’ मग ताट हातात घेऊन तिरकं धरून बघायचं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, वरून गोल, बाजूनं मात्र उतरत्या कडांचा चौकोन. कोल्हापुरात हे दाखवायला बाजारापर्यंत गेलं की झालं.

चौरस-आयताचा सल्ला तर गणितातच चुकीचा आहे. चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत, त्यामुळे प्रत्येक चौरस आयतच असतो. लहान मुलाला ही व्याख्या सांगायची गरज नाही. ‘हा आयत नाही’ एवढं मात्र बोलू नका, कारण पुढे शाळेत तेच पुसावं लागतं.

महाद्वार रोडवर पुस्तक घ्यायला गेलात की त्रिकोणाचं पान उघडा. सगळे त्रिकोण एकाच ठेवणीचे असतील तर दुसरं पुस्तक मागा. दुसरं मिळालं नाही तर तेच घ्या आणि घरी ते पान मुलासमोर उलटं धरून विचारा, ‘आता हा कोण?’