गंजाला पगार

शिक्षणाला पैसे लागतात हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मान्य आहे. किती लागतात, कुठली बँक किती टक्क्यांनी देते, डोनेशनचं पाकीट कुणाच्या हातात ठेवायचं, यावर जिन्यात कुणीही अधिकारवाणीने बोलतं. पण शिकणाऱ्यालाच पैसे मिळतात म्हटलं की माणसं सावध होतात. युरोपात पीएचडीसाठी अर्ज करतेय, फी शून्य, वर दरमहा पगार, असं मी सांगितलं तेव्हा तळमजल्यावरच्या नाडकर्णी काकांनी आवाज खाली आणला. "ओटीपी नाही ना दिलास?"

मी देशी दाखले दिले. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं ७०,०००. खुलासा माझ्याच अंगावर आला. "मग इथले सत्तर सोडून तिकडे थंडीत कशाला मरायला जातेस?" म्हणजे आधी खोटं वाटणारे पैसे मिनिटभरात माझ्या हातून वायाही गेले होते.

त्यात माझा विषय गंज. क्वांटम वगैरे असतं तर लोकांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. पण गंज घरोघरी आहे. आमची बिल्डिंग ठाणे पूर्वेला, मीठबंदर रोडच्या बाजूला. वय तीसच्या पुढे, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आणि ऑडिटरचं बिल वादाचं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, तिच्यावरचा पातळ संरक्षक थर मोडतं, आणि मग तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. स्लॅब आतून फुटतो तो असा. हे मी हौसेने एकदा समजावलं. त्या दिवसापासून कुलकर्णी काकू मला त्यांच्या ग्रिलचे फोटो पाठवतात, खाली 'गुड मॉर्निंग' लिहून.

अर्ज युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी या संशोधन योजनेतल्या एका जागेसाठी होता. तिची एक अट मला फार आवडली: ज्या देशात पीएचडी करायची तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. आमच्या घराण्यात कुणी कुठे गेलेलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ही गोष्ट पात्रता म्हणून उपयोगी पडत होती. बाबा खूश. "बघ, तुला युरोप टूरला नेलं असतं तर?" सुट्टीतली सहल यात धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांना बरं वाटत होतं.

माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मी, मग बाबा, शेवटी आई, असं अख्खं रेशनकार्ड एका ओळीत छापलेलं आहे. पोर्टलने त्यातून स्वतःच्या अकलेने नाव उचललं, आणि तेव्हापासून मला 'डिअर सुधाकर' अशा मेल येतात. सुधाकर म्हणजे बाबा. ते त्या मेल चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात आणि "तुझं नाही झालं तर मी जाऊन येतो" म्हणतात.

खरी कसोटी शिफारसपत्रांची. आपल्याकडे शिफारसपत्र सर देतात, असा युरोपचा समज आहे. आमचे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आता, ब्याण्णव मार्क मिळाले तर 'आठ कुठे गेले' ऐकत मोठं झालेल्या माणसाने स्वतःची स्तुती लिहायची कशी? रबाळेच्या लॅबमधून परतताना, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत, फोनवर अंगठ्याने मी लिहिलं, की माझ्या अध्यापनाच्या कारकिर्दीत अशी विद्यार्थिनी मी पाहिलेली नाही. शेजारच्या बाई वाचत होत्या. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं; त्यांना मी प्राध्यापक वाटले असेन.

सरांनी मात्र पेन काढलं. "'पाहिलेली नाही' नको. 'क्वचित पाहिली' कर. माझी मुलगीही अर्ज करतेय." पुढे पोर्टलवर खुणेचे चौकोन: विद्यार्थिनी वरच्या एक टक्क्यात, पाचात की दहात? सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. पाचावर तडजोड झाली. मग कळलं की पत्र कॉलेजच्या ईमेलवरूनच हवं. त्याचा पासवर्ड हेडक्लार्ककडे, आणि हेडक्लार्क इलेक्शन ड्यूटीवर. लोकशाहीसाठी एवढी किंमत मी त्याआधी मोजलेली नव्हती.

शेवटची मुदत तिकडच्या मध्यरात्रीच्या एक मिनिट आधी, म्हणजे हिवाळ्यात ठाण्याचे पहाटेचे चार वाजून एकोणतीस मिनिटं. आई उठून बसली होती. अर्ज गेल्यावर तिने विचारलं, "पावती आली का?" आली होती. सुधाकरच्या नावाने.

मुलाखत व्हिडिओवर. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्धा तास शांतता मागितली. त्यांनी ती दिली, पण फुकट नाही. मुलाखत संपत आली, समोरचे प्राध्यापक तोवर दगडासारखे बसलेले. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचे काही प्रश्न?" तेवढ्यात दाराखालून चिठ्ठी सरकली: 'बी विंगचा बीम विचार.'

विचारला. गृहस्थ एकदम पुढे झुकले. इमारतीचं वय किती, खाडी किती लांब, सळईवर काँक्रीट किती जाड? मग म्हणाले, थोडं काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारा. गुलाबी झालं तर सळईला जपणारी अल्कली शाबूत, रंग आला नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आतवर पोचलाय. क्लोराइडची तपासणी वेगळी करावी लागेल. माझ्या प्रबंधाच्या कल्पनेपेक्षा त्यांनी आमच्या बीमला जास्त वेळ दिला.

रविवारी सेक्रेटरी बर्म्युडावर, हातात स्प्रेची बाटली, मागे छिन्नी-हातोडा घेतलेला वॉचमन. ए विंग गुलाबी आली. लोकांनी फोटो काढले, कुलकर्णी काकूंनी तर बीमसोबत काढला. बी विंगला रंगच येईना. सेक्रेटरी ए विंगमध्ये राहतात. दुपारपर्यंत ग्रुपवर आरोप आला की बाटलीत बीटाचा रस होता.

माझा निकाल अजून यायचाय. त्याआधी विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर एकच विषय: त्रयस्थ व्यक्तीच्या हस्ते फेरफवारणी. त्रयस्थ म्हणून बी विंगने बाबांचं नाव सुचवलंय, कारण परदेशातल्या प्राध्यापकांच्या मेल त्यांच्याच नावाने येतात.