स्वस्तातला स्लॅब आणि तात्यांचा कुकर

त्या बांधकामाच्या साइटची बातमी सगळ्यांनी वाचलेलीच होती. मुकादम पगार बुडवून पळाला, बिहारची पोरं पत्र्याच्या खोलीत अडकली, बिल्डरनं हात वर केले. मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर पहिला चहा यायच्या आत तात्यांनी निकालसुद्धा देऊन टाकला.

"लॉस आपलाच हाय. ही मंडळी हितं कमावत्यात आणि गावाकडं धाडत्यात. कोल्हापूरचा पैसा कोल्हापुरात ऱ्हाणार कसा?"

तात्यांचे आर. के. नगरला दोन फ्लॅट आहेत, दोन्हीला कुलूप. अर्थशास्त्रावर बोलायचं झालं की ते उठून उभे राहतात.

"कुठला पैसा धाडला?" मारुतीमामा बसूनच बोलले. "पगारच दिला न्हाई. आठवड्याला खर्ची टेकवायची, तेल-तांदळापुरती. हिशेब काम संपल्यावर. आणि काम संपलं की मुकादमाचा फोन बंद."

मामा जन्मभर गवंडी. थापी सुटली, पण समोरची भिंत ओळंब्यात आहे का हे बघितल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

"पण मामा, ह्येंच्यामुळंच तुमच्या भाच्याचं काम गेलं न्हवं?" तात्यांना वाटलं, आता सापडला.

"गेलं की. त्यो गड्यास्नी शनवारी रोख पगार देतोय, वर चढणाऱ्याला बेल्ट देतोय. बिल्डर म्हंटला, दुसरा लई कमी घेतोय. आता त्यो दुसरा कमी का घेतोय? सिमेंट फुकट मिळतंय? सळई सासऱ्याची हाय? पोरांचा शेवटचा पगार बुडवायचा, हे त्येनं कोटेशनमदीच धरलेलं अस्तंय. माझ्या भाच्याचं काम बिहाऱ्यानं न्हाई घेतलं, त्या बुडवलेल्या पगारानं घेतलं."

पिंट्याला कायदा सुचला. त्याला तो कायम सुचतो. "ठेकेदारानं बुडवलं तर मूळ मालकानं पगार द्यायचा, हे १९७० च्या कायद्यापासून हाय. आणि दिल्लीत आशियाड खेळांची बांधकामं करणाऱ्या कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९८२ ला सांगितलंय, किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर ती वेठबिगारीच."

"आशियाड!" तात्या खुलले. "तवा आमच्याकडं रंगीत टीव्ही आलेला."

"तुमच्याकडं?" मामा म्हणाले. "कुलकर्ण्यांच्या खिडकीला लोंबकळून बघितलास. त्यांची कुंडी फोडलीस, अजून भरून दिली न्हाईस."

मग पाच मिनिटं कुंडी. ती तात्यांनी फोडली की त्यांच्या धाकट्या भावानं, हा वाद पेठेत अजून मिटलेला नाही.

सुन्या सरकारी दवाखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, "परांचीवरनं पडलेला गडी येतोय. संगं आलेला सांगतोय, पावणा हाय, जिन्यावरनं पडला. साइटचं नाव कागदावर येतच न्हाई. रॉड, प्लास्टर, म्हैनाभर खाट. ठेकेदाराचा नफा त्येच्या खिशात, मोडलेला पाय आपल्या करात."

चहावाल्या आप्पानं गल्ल्याखालची वही काढून आपटली. साइटच्या पोरांची उधारी, पानंच्या पानं. "बिहारला गेला म्हंता न्हवं पैसा? ह्यो बघा, हितं अडकलाय."

"आणि काय रं तात्या," मामा म्हणाले, "पगार न मिळालेला गडी स्लॅबला पाणी मारायला थांबंल व्हय? तुझ्या दुसऱ्या फ्लॅटची गळती कुठनं आली?"

"ती वरच्याच्या बाथरूममधनं."

"तुझ्यावर गच्ची हाय, लेका."

तात्यांनी चष्मा पुसला आणि नवी बाजू लावली. "पण सरकार करतंय की ह्येंच्यासाठी. बांधकाम कामगारांचं मंडळ हाय, योजना हायत."

"हाय," पिंट्या म्हणाला. "१९९६ च्या कायद्यापासनं बांधकामाच्या खर्चावर उपकर कापत्यात. त्यातनं मदत. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतोय. जो मुकादम पगार देत न्हाई, त्यो सही देणार? ह्या पोरांना एक चमचा मिळत न्हाई त्यातला."

"काय सांगतोस! मिळतंय की. आमच्या थोरल्याला आख्खा भांड्यांचा संच मिळाला."

चहाचा घोट सुन्याच्या नाकातून आला.

"थोरला? विमा एजंट न्हवं त्यो?"

"विम्याचंच हाय. नोंदणी तेवढी बिगारी म्हणून हाय."

आप्पा गाड्यामागं वाकून हसत होता. मामांनी डोळे पुसले. "मग उद्या सकाळी धाड त्येला. भाच्याला माल कालवायला गडी पायजेच हाय. शनवारी रोख."

"त्येला पाठीचा त्रास हाय."

"बरं, कुकर तरी बरा हाय का?"

"कसला बरा," तात्या खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाले, "दोन म्हैन्यांत रबर गेलं. सरकारी माल!"