पंख्याची सोय

2019 साली आलेला रास्पबेरी पाय 4 हा संगणक तळहातावर मावतो आणि प्रोसेसरचे तापमान 80 अंशांना टेकले की स्वतःहून वेग कमी करतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये, बंद डबीत, तिथवर पोहोचायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. बोर्डावर दोन पडदे, चार यूएसबी उपकरणे आणि कॅमेरा जोडण्याची व्यवस्था आहे; पंख्यासाठी मात्र स्वतंत्र कनेक्टर नाही. तो 2023 च्या पाय 5 वर आला. ही माहिती मला भेटेल तो जाणकार अगत्याने पुरवतो.

पंख्याच्या तारा 4 आणि 6 क्रमांकांच्या पिनांवर खोचल्या की पंखा फिरू लागतो, आणि सुज्ञ माणसे तिथेच थांबतात. परंतु तो मग अष्टौप्रहर फिरतो. तीन सेंटिमीटरच्या त्या पंख्याचा आवाज रात्री कानाशी आलेल्या डासासारखा लागतो. आईने एकदा अंधारात खरोखरच टाळी वाजवून पाहिली. शिवाय पंखा झाकणाला स्क्रूने बसवलेला असल्यामुळे झाकण उघडले की तारा ओढल्या जातात, आणि त्यांच्या टोकाच्या काळ्या प्लगला सुलटे-उलटे असा विधिनिषेध नसतो. तेव्हा झिरो पीसीबीच्या, म्हणजे भोकांची जाळी असलेल्या कोऱ्या सर्किटपट्टीच्या, तुकड्यावर एकाच दिशेने बसणारा कनेक्टर आणि पंख्याला गरजेपुरतेच चालवणारा ट्रान्झिस्टर जोडावा, असे मी ठरवले.

कागदावर हे सर्किट अत्यंत सोज्वळ दिसते. बोर्डाची आज्ञा देणारी पिन 3.3 व्होल्टची आणि काही मिलिअँपिअरच पेलणारी, तर पंख्याला 5 व्होल्टवर 200 मिलिअँपिअर लागतात. म्हणून मध्ये 2एन2222 ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या पायाला, एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि पंखा बंद होताना येणारा उलटा झटका जिरवण्यासाठी आडवा डायोड, ज्याचा पट्टा 5 व्होल्टकडे असावा लागतो. या ट्रान्झिस्टरचे तीन पाय निरनिराळे कारखाने चक्क उलट्या क्रमाने लावतात, त्यामुळे मल्टिमीटर लावल्याखेरीज त्याच्या कोणत्याही पायावर विश्वास टाकता येत नाही.

खरा प्रसंग तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, ओढवला.

“काका, पंख्यासाठी दोन पिनांचा कनेक्टर द्या.”

“किती एमएमचा?”

“पंखा तीस एमएमचा आहे.”

“पंखा राहू द्या हो. पिच किती?”

पिच म्हणजे दोन पिनांमधले अंतर. काकांनी काचेवर 1.25, 2 आणि 2.5 मिलिमीटरचे पांढरे ठिपके ओतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. झिरो पीसीबीची भोके 2.54 मिलिमीटरवर असतात, म्हणून 2.5 चा एक्सएच जातीचा कनेक्टर तिथे निमूट बसतो. 2 मिलिमीटरचा पीएच मात्र एक पाय भोकात आणि एक अधांतरी ठेवून उभा राहतो.

त्यानंतरचे क्रिंपिंग, म्हणजे तारेच्या टोकावर पत्रा दाबून बसवणे, हे काम ज्याने शोधले त्याची दृष्टी गरुडाची असावी. तारेच्या टोकाला लावायच्या त्या इवल्याशा पत्र्याला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढच्या जोडीने तांब्याचे उघडे धागे कवटाळायचे, मागच्या जोडीने वरचे प्लास्टिक. पक्कड किंचित सैल राहिली तर तार सुटून येते, किंचित जास्त दाबली तर पत्रा प्लगच्या प्लास्टिकच्या घरात शिरत नाही. नीट बसला की बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो, आणि तो ऐकण्यासाठी घरातला मोठा पंखा बंद करून घामाघूम व्हावे लागते. शंभर रुपयांच्या पंख्यासाठी त्याहून कितीतरी महाग पक्कड घेतली, हे घरात अजून कोणी विचारलेले नाही.

पंखा 60 अंशांवर सुरू करायचा असेल, तर कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये 60000 असा आकडा टाकावा लागतो, कारण तिथे अंशाचे हजार भाग मानतात. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तो आकडा लिहिताना बोट क्षणभर अडखळते. बोर्ड मात्र शांत होता. तापमान चढले, पंखा फिरला, दहा अंश उतरताच थांबला.

मी डबीचे झाकण लावायला गेलो, तर उभ्या कनेक्टरवर बसलेला प्लग जवळजवळ एक सेंटिमीटर उंच भरला आणि झाकण तिरके राहिले. पुन्हा तापकीर गल्ली गाठली. काकांनी न बघता मागचा खण ओढून तोच कनेक्टर काटकोनात वळलेल्या पिनांचा काढला.

“आडवा पाहिजे होता होय? मग तसं सांगायचं ना साहेब. पिच माहितीये ना आता?”