खुलासा : असिस्ट जास्त म्हणजे हात भारी, असं नाही

सांगली-मिरजेच्या बेसबॉलवाल्या पोरांत सध्या एक मेसेज फिरतोय : 'ज्या आउटफिल्डरचे असिस्ट जास्त, त्याचा हात सगळ्यात भारी. रिले म्हणजे कच्च्या हाताची पळवाट.' (आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला फिल्डर, हात म्हणजे त्याची फेक, असिस्ट म्हणजे बेसांमधून पळणाऱ्या रनरला आउट करवणाऱ्या थ्रोची नोंद, रिले म्हणजे लांबचा थ्रो मधल्या खेळाडूकरवी दोन टप्प्यांत पाठवणं.) दोन्ही चूक.

असिस्ट मिळायला आधी रनरनं पळायला हवं. हात दणकट आहे हे एकदा कळलं की थर्ड बेसजवळ उभा असलेला रनरच्याच संघाचा कोच त्याला तिथंच थोपवतो, आणि हे थांबणं असिस्टच्या रकान्यात येत नाही. उलट ज्याचा हात कच्चा समजतात त्याच्यावर सगळेच पळतात, त्यातले काही सापडतातही. पाच मोसम अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये आउटफिल्डरांत असिस्टमध्ये पहिला राहिलेला रॉबर्टो क्लेमेंटे, हात आणि आकडा दोन्ही असलेला, एखादाच.

आता रिले. लांबच्या थ्रोचा वेग हवेत मरतो, म्हणून कुंपणाजवळून दोन सपाट थ्रो बहुधा आधी पोचतात. शिवाय रनर आउट झाला तर असिस्ट आउटफिल्डर आणि कटऑफ (थ्रो मध्ये झेलून पुढे फेकणारा) दोघांनाही लागतो. मेसेजवाल्यानं नियम वाचलेला दिसत नाही.

पारखायचंच असेल तर कटऑफकडे बघा. थ्रो ग्लोव्हच्या बाजूला, छातीच्या उंचीवर आला तर तो झेलता झेलताच वळतो. घोट्याशी आला, की तेवढ्यात रनर होमवर, म्हणजे रन पूर्ण.